.४४ चं रिव्हॉल्व्हर: आकड्याआधी वजन बघा

अमेरिकेत ग्रीन कार्ड हातात पडलं, मुलं जरा मोठी झाली, की काही मराठी माणसांची पावलं एकदा तरी बंदुकांच्या दुकानाकडे वळतात. काचेखाली ओळीने रिव्हॉल्व्हरं मांडलेली असतात आणि चिठ्ठ्यांवर आकडे असतात: .३८ स्पेशल, .३५७ मॅग्नम, .४४ स्पेशल, .४४ मॅग्नम, .४५ कोल्ट. आकडा मोठा तितकी वस्तू सरस, असा समज होतो आणि दुकानदाराने "रेंजसाठी हवंय की जवळ बाळगायला?" असं विचारलं की गोंधळ आणखी वाढतो. खरं तर तो प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा आहे. मोठ्या गोळीचं रिव्हॉल्व्हर आनंद देणार की वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणार, हे आकड्यापेक्षा दोन गोष्टींवर ठरतं: रिव्हॉल्व्हरचं वजन किती आणि त्यात कोणतं काडतूस घालता.

पण त्याआधी व्हिसा

ही गोष्ट कितीतरी जणांना माहीत नसते, म्हणून सुरुवातीलाच. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर अमेरिकेत असलेल्या माणसाला तिथल्या संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, भाड्याचं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन चार गोळ्या झाडणंही 'बाळगणं' यातच मोडतं. कायद्यात काही अपवाद आहेत. सामान्य माणसाच्या उपयोगाचा अपवाद एकच, तिथल्या एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. ऑफिसातले मित्र शनिवारी रेंजवर चला म्हणतात तेव्हा हे आठवायला हवं, कारण अशा एका दुपारची किंमत पुढे इमिग्रेशनमध्ये मोजावी लागू शकते.

ग्रीन कार्डधारकाला आणि नागरिकाला विकत घेता येतं. परवानाधारक दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण लागतं, ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. पुढचं सगळं राज्यावर अवलंबून. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनच्या खरेदीला स्वतंत्र परवाना लागतो आणि जवळ बाळगायला वेगळा. कॅलिफोर्नियात दुकानदार सर्वसाधारणपणे सरकारी यादीतलीच नवी मॉडेलं विकू शकतो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून कायद्याने पात्र प्रौढाला बाळगण्यासाठी परवान्याची गरज नाही. गाडीने राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतात, हे मात्र सगळ्यांनाच लागू.

हा .४४ म्हणजे नेमकं काय?

गोळीचा व्यास इंचात. तोही ढोबळ, कारण .४४ ची गोळी प्रत्यक्षात .४२९ इंचाची, म्हणजे जवळपास ११ मिलिमीटर असते. ही नावं जुन्या काळातून चालत आली आहेत, त्यांच्यावर फूटपट्टी लावू नये. .३८ स्पेशलची गोळीही खरी .३५७ चीच असते.

इथे दोन शब्द वेगळे ठेवू. काडतूस म्हणजे पुंगळी (धातूचं कवच), टोपी (ठोका बसला की पेटणारी), दारू आणि गोळी मिळून झालेली पूर्ण वस्तू. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. .४४ ची नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅम, सराफाच्या आजच्या हिशेबाने दीड तोळ्याहून किंचित जास्त.

.४४ स्पेशल आलं १९०७ मध्ये. ते शांत स्वभावाचं काडतूस होतं. पण आयडाहोचे पशुपालक आणि नेमबाज एल्मर कीथ आणि त्यांच्यासारखे हौशी लोक त्यात जास्त दारू भरून प्रयोग करत राहिले आणि कंपन्यांच्या मागे लागले. शेवटी १९५५ मध्ये रेमिंग्टनचं काडतूस आणि स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर अशी जोडी तयार झाली, तीच .४४ मॅग्नम.

गोळी दोघांचीही तीच. फरक आतल्या दाबात आहे. घरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत दर चौरस इंचाला साधारण १५ पाउंड दाब असतो. .४४ स्पेशलची कमाल मर्यादा १५,५०० पाउंड, म्हणजे कुकरच्या हजारपट. .४४ मॅग्नमची ३६,०००, म्हणजे चोवीसशे पट. स्पेशलची गोळी सेकंदाला साधारण ७५० फूट वेगाने निघते, तर मॅग्नमची १,२०० ते १,४०० फुटांनी.

मग मॅग्नममध्ये स्पेशल चालतं का?

चालतं, आणि या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच. मॅग्नमची पुंगळी स्पेशलपेक्षा एक अष्टमांश इंच, म्हणजे तीनेक मिलिमीटर, मुद्दाम लांब केली आहे. त्यामुळे .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दोन्ही बसतात, पण जुन्या स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मॅग्नम आत जातच नाही. दुप्पटीहून जास्त दाबाचं काडतूस चुकून कमी ताकदीच्या सिलिंडरमध्ये (काडतुसं ठेवायच्या फिरत्या नळकांड्यात) जाऊ नये, यासाठीची ती सोय. .३५७ मॅग्नम आणि .३८ स्पेशल यांचं नातंही असंच.

म्हणून जड .४४ मॅग्नम घ्यावं आणि त्यात बहुतेक वेळ स्पेशल वापरावं, हा सल्ला अनुभवी माणसं देतात आणि तो शंभर टक्के योग्य आहे. फक्त एक व्यवधान ठेवायचं. स्पेशलची पुंगळी आखूड असल्याने तिच्या तोंडापुढे सिलिंडरच्या भोकात काजळी आणि शिसं यांचं कडं साचतं. शंभरेक स्पेशल झाडून लगेच मॅग्नम भरायला गेलात तर काडतूस पूर्ण आत बसत नाही, किंवा बसलं तर झाडल्यावर पुंगळी चिकटून राहते. काडतूस दाबून, ठोकून बसवू नका. रिव्हॉल्व्हर रिकामं करून ब्रॉन्झचा ब्रश आणि सॉल्व्हंट घेऊन प्रत्येक भोक घासा. .४४ साठी .४५ चा ब्रश वापरला तर तो घट्ट बसतो आणि कडं लवकर सुटतं.

.४५ कोल्ट हे १८७३ चं, वेगळ्याच व्यासाचं काडतूस. ते .४४ सोबत अदलाबदल होत नाही. त्याची मर्यादा १४,००० पाउंड असली तरी बाजारात आधुनिक, मजबूत रिव्हॉल्व्हरसाठी मुद्दाम जोरदार भरलेली .४५ कोल्टही मिळतात. ती जुन्या कोल्टमध्ये घालणं धोक्याचं आहे. खोक्यावरचा बारीक मजकूर वाचायचा तो यासाठी.

हलकं घेतलं तर सोयीचं नाही का?

गोळी ज्या नेटाने पुढे जाते त्याच नेटाने रिव्हॉल्व्हर मागे येतं. भरलेल्या हातगाडीला धक्का दिला तर ती जेमतेम सरकते, रिकामीला तितकाच धक्का दिला तर ती पळते. इथे ती गाडी तुमच्या तळहातावर येऊन आदळते.

स्मिथ अँड वेसनचं ६२९ हे स्टीलचं सहा गोळ्यांचं मॉडेल चार इंची नळीसह जवळपास १.२ किलोचं आहे. त्याच कंपनीचं ३२९पीडी हलक्या मिश्रधातूंचं, ७०० ग्रॅमच्या आसपास. एकच मॅग्नम काडतूस दोन्हींत झाडलं तर हलक्या रिव्हॉल्व्हरच्या धक्क्याची ऊर्जा ढोबळ गणिताने दीडपटीहून जास्त येते. उलट जड ६२९ मध्ये मॅग्नमऐवजी स्पेशल घातलं की तीच ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर उतरते. दुकानात हलकं रिव्हॉल्व्हर हातात घेतल्यावर बरं वाटतं. रेंजवर सहाव्या गोळीनंतर अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलवटते आणि ते परत बाहेर काढावंसं वाटत नाही.

रेंजसाठी एक किलोहून जास्त वजनाचं, चार ते सहा इंची नळीचं स्टीलचं रिव्हॉल्व्हर घ्या. रुगर रेडहॉक, सुपर रेडहॉक, स्मिथ अँड वेसन ६२९, २०२१ मध्ये पुन्हा आलेलं कोल्ट अ‍ॅनाकोंडा ही सगळी या गटातली. रुगर सुपर ब्लॅकहॉकही मजबूत आहे, पण ते सिंगल अ‍ॅक्शन आहे, म्हणजे प्रत्येक गोळीआधी घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा) अंगठ्याने मागे ओढावा लागतो. डबल अ‍ॅक्शनमध्ये नुसता चाप (तर्जनीने ओढायची कळ) ओढला तरी घोडा मागे जाऊन पडतो. त्यासाठी साधारण पाच किलोचा जोर लागतो, तर घोडा आधी मागे ओढलेला असेल तर दीडेक किलोत काम होतं.

मूठ हाताला बसते का तेही बघायचं. रिव्हॉल्व्हर नीट धरल्यावर नळी तुमच्या हाताच्या हाडाच्या रेषेत असावी आणि तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात टेकावं. बोट पुरत नाही म्हणून मनगट वळवावं लागत असेल तर ते मॉडेल तुमच्यासाठी नाही, कितीही सवलतीत मिळत असलं तरी. मूठ बदलता येते, पण मागच्या पोलादी कण्याच्या आकाराखाली जाता येत नाही.

वापरलेलं घेताना काय तपासायचं?

सिलिंडर उघडा, सगळी भोकं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. दुकानदाराला विचारून मगच पुढच्या तपासण्या करा.

सिलिंडर बंद करून त्यावर बोटाचा अगदी हलका अडथळा ठेवा आणि घोडा सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी सिलिंडर 'टिक' करून जागेवर कुलूपबंद व्हायला हवा. हे एकेक करून सगळ्या भोकांवर करायचं. एखाद्या भोकावर घोडा अडकला आणि सिलिंडर अजून डुगडुगतोय असं झालं, तर झाडताना गोळी नळीच्या मध्यावर न येता कडेला घासणार. शिशाचे कण बाजूला उडतात ते यानेच.

मग सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट बघा. साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर ठीक. झेरॉक्सचा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज येतो, पण खात्रीसाठी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वापरा. सिलिंडर पुढेमागे हलवून पाहा, जाणवण्याइतका खडखडाट नको. घोडा मागे ओढून, अंगठ्याचा आधार ठेवून, त्याला मागून पुढे दाबा. चाप न ओढता तो सुटला तर रिव्हॉल्व्हर तिथेच परत ठेवा. शेवटी टॉर्च घेऊन नळीचं मागचं तोंड बघा, जिथे गोळी सिलिंडरमधून उडी मारून नळीत शिरते. तिथे तडा दिसला तर विषय संपला.

मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करायची सवय पडद्यावर छान दिसते. तिने सिलिंडरला धरणारा दांडा वाकतो आणि वर सांगितलेले निम्मे दोष त्यातूनच येतात. सिलिंडर नेहमी दुसऱ्या हाताने दाबून बंद करा.

रेंजवरचा पहिला तास

पहिल्यांदा मॅग्नम झाडणाऱ्याच्या सिलिंडरमध्ये एकच काडतूस भरा. एकच. कारण असं: गोळी सुटते, नळी वर उसळते, घाबरलेला हात मूठ आवळतो आणि त्या आवळण्यात चाप पुन्हा ओढला जातो. त्या क्षणी नळी छताकडे, कधी नेमबाजाच्या स्वतःच्या डोक्याकडे वळलेली असते. सहा गोळ्या भरून नवख्याच्या हाती मॅग्नम देणं ही मित्रमंडळींत सर्रास होणारी आणि अत्यंत धोकादायक चूक आहे. पाहुण्याला, जोडीदाराला, मुलाला पहिल्यांदा झाडू देताना हा नियम मोडू नका.

कानांत बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही. .४४ मॅग्नमचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. डोळ्यांना चष्मा.

मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर धरा, दोन्ही अंगठे एकावर एक वळवून मागे ठेवा. पिस्तुलावर अंगठे पुढे सरळ ठेवायची सवय असलेल्यांनी इथे विशेष जपावं, कारण सिलिंडरपुढच्या त्या फटीतून दोन्ही बाजूंना इतका तप्त वायू सुटतो की बोट कापलं जाईल.

निशाण सात यार्डांवर, सुरुवात स्पेशलने. डझनभर झाल्यावर सोबत्याला सिलिंडर भरायला सांगा: काही जिवंत काडतुसं, काही प्लास्टिकची डमी, क्रम तुम्हाला न सांगता. घोडा डमीवर पडतो तेव्हा नळी खाली दचकताना स्पष्ट दिसते. धक्क्याच्या भीतीने हात आधीच ढकलतोय, हे याहून स्वच्छ दुसऱ्या कशानेही कळत नाही. दचकणं थांबेपर्यंत मॅग्नमला हात लावू नका. मग एका बैठकीत दहाबारा मॅग्नम पुरेत. त्यातला आनंद मोजून घेण्यासारखाच आहे: मोठी गोळी, जड पोलाद, गुळगुळीत चाप आणि पंचवीस यार्डांवर कागदात पडलेली एकमेकांना चिकटलेली भोकं.

पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे करा आणि इजेक्टरचा दांडा तळहाताने एकदाच जोरात दाबा. नळी खाली असताना दाबलंत तर न जळलेल्या दारूचे कण इजेक्टरच्या चांदणीखाली शिरतात. मग सिलिंडर बंद होत नाही किंवा चाप दगडासारखा जड होतो. खिशात जुना टूथब्रश ठेवा, दोन फटकाऱ्यांत काम होतं.

रिव्हॉल्व्हर बिघडत नाही म्हणतात, ते खरं का?

नाही. कमी बिघडतं, पण बिघडलं की बहुधा जागीच अडकून बसतं.

चाप ओढला आणि आवाज आलाच नाही, तर लगेच दुसऱ्यांदा ओढू नका. नळी निशाणाकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. काडतूस उशिरा पेटू शकतं, आणि दरम्यान तुम्ही चाप पुन्हा ओढून ते नळीसमोरून बाजूला सरकवलं असेल, तर गोळीला जायला वाटच नसते.

आवाज नुसता 'फुस्स' आला, धक्का लागला नाही, तर हात तिथेच थांबवा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. मागून दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. रिकामं करा आणि नळीतून दांडा घालून बघा.

हलक्या रिव्हॉल्व्हरचं एक खास दुखणं आहे. धक्क्याने रिव्हॉल्व्हर मागे झटकतं, उरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्याही त्याच्यासोबत मागे जातात, पण जड गोळ्या जागच्या जागी राहू पाहतात आणि पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी सिलिंडरबाहेर डोकावली की ती चौकटीला अडते आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. याची परीक्षा सोपी आहे. सगळी काडतुसं भरायच्या आधी एकाची लांबी कॅलिपरने मोजा, ते शेवटी येईल असं भरा, बाकीची झाडा आणि ते काढून पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर ती काडतुसं त्या रिव्हॉल्व्हरसाठी नकोत.

जवळ बाळगायला .४४ ठीक आहे का?

अलास्का किंवा माँटानात अस्वलांच्या मुलखात फिरणाऱ्यासाठी .४४ मॅग्नमला अर्थ आहे. तिथे ते छातीवरच्या होल्स्टरमध्ये ठेवतात, म्हणजे पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्यात अडकत नाही आणि ओढ्यात उतरलं तरी कोरडं राहतं.

शहरात मात्र मॅग्नमचा आग्रह धरू नये. बंद खोलीतला तो आवाज आणि झोत झाडणाऱ्यालाच बधिर करतात, पुढची गोळी नेमावर यायला वेळ लागतो आणि गोळी भिंतीपलीकडे जाण्याची भीती राहते. ज्याला मोठ्या गोळीचंच रिव्हॉल्व्हर हवं त्याच्यासाठी पाच गोळ्यांचं .४४ स्पेशल हा शहाणा मार्ग. चार्टर आर्म्सचं बुलडॉग ६०० ग्रॅमच्या आतलं, बाळगायला सोपं, झाडायला खडतर. रुगर जीपी१०० चं तीन इंची .४४ स्पेशल किंवा स्मिथ अँड वेसन ६९ हे एक किलोच्या आसपास. ६९ मध्ये मॅग्नमही चालतं. एवढं वजन पॅंटच्या साध्या पट्ट्यावर पेलत नाही. दीड इंच रुंद, ताठ पट्टा आणि चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर घ्यावं लागतं.

पाचसहाच गोळ्या कशा पुरतील, नऊ एमएमचं पिस्तूल स्वस्त आणि सोपं नाही का, हा आक्षेप रास्त आहे. पिस्तुलात दुप्पट-तिप्पट गोळ्या बसतात आणि .४४ स्पेशलची काडतुसं नऊ एमएमच्या काही पट महाग पडतात, शिवाय प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. ज्याला फक्त स्वसंरक्षण हवं आणि महिन्याकाठी शंभरदीडशे काडतुसांचा सराव करायचा आहे, त्याने नऊ एमएम किंवा .३५७ चं रिव्हॉल्व्हर घेऊन त्यात .३८ झाडावं. .४४ आवडीने घ्यायची वस्तू आहे. तिचा खर्च कमी करायला बरेच लोक पुंगळ्या घरी भरतात. त्यात मोठी जोखीम दुप्पट दारूची: .४४ ची पुंगळी प्रशस्त, सौम्य भरणीची दारू तळाशी चिमूटभर, त्यामुळे चुकून दोनदा पडली तरी ती ओसंडत नाही. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावून बघायलाच हवं.

घरी आणल्यावर

रेंजवरून आल्यावर आधी हात आणि तोंड थंड पाण्याने साबण लावून धुवा, मग जेवा. टोपी आणि शिशाचा धूर बोटांवर असतो. ते कपडे लहान मुलांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. रिव्हॉल्व्हर रिकामं करून, सिलिंडर उघडा ठेवून, चौकटीतून केबलचं कुलूप ओवून तिजोरीत ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात. उंच कपाट म्हणजे तिजोरी नव्हे, मुलं खुर्ची लावून चढतात.

भारतात मात्र खरेदीचे आणि बाळगण्याचे वरचे अमेरिकी नियम लागू नाहीत. तिथे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, सामान्य परवानाधारकाच्या हाती येतं ते मुख्यतः भारतात बनलेलं .३२ चं रिव्हॉल्व्हर, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादा दोन शस्त्रांची आहे. म्हणूनच रेंजला नेलेली पाठपिशवी मुंबईच्या विमानप्रवासात अजिबात वापरू नका. अस्तराच्या शिवणीत, बाजूच्या कप्प्यात एखादं काडतूस राहून जातं आणि विमानतळाच्या तपासणीत सापडलं की शस्त्र कायद्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो, मग सोबत रिव्हॉल्व्हर असो वा नसो. रेंजची पिशवी वेगळी ठेवा, तिला ठळक रंगाची नाडी बांधा आणि ती घराबाहेर फक्त रेंजलाच जाईल असं करा.